उंदरांनी ठेवलेले दाणे

सर भाताचा दाणा चिमटीत धरायचे, त्यावर फुंकर मारायचे, पुढच्या दोन दातांत ठेवायचे आणि कट्‌ करून तोडायचे. मग डोळे मिटून उभे. एवढा शिकलेला माणूस भर उन्हात बांधावर तोंडात दाणा धरून उभा आहे, हे बघायला आमची माणसं हातातली कामं टाकून जमायची. "काय वो सर, कच्चा हाय का?" असं कुणी विचारलं की एक बोट वर करायचे. म्हणजे थांब. चावून झालं की म्हणायचे, "आधी तोंड, मग यंत्र."

यंत्र होतं त्यांच्याकडे. पाण्यात बुडवलं की पाणी किती खारट ते आकड्यात सांगायचं. पण ते पिशवीतून काढायच्या आधी सर शेतातल्या पाण्यात बोट बुडवून चाटायचे, आणि आकडा सांगायचे. मग यंत्र. आकडा जवळपास जुळला की आमच्याकडे असे बघायचे, जसं काही पोराने पाढा बरोबर म्हटला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मोठ्या जागेवरची, पण वागण्यात जागेचा वास नाही. विद्यापीठातला माणूस, नावामागे डॉक्टर. पण येताना माणगाववरून एस.टी., म्हसळ्याला बदलून दिघी, दिघीवरून बोटीने आगरदांडा, आणि तिथून आमच्या गावापर्यंत पायी. विजारीचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला, दुसरा पोटरीपर्यंत. शर्टाच्या खिशात खाकी कागदाची बारकी पाकिटं कोंबलेली. पहिल्यांदा आले तेव्हा आम्हाला वाटलं, मलेरियाच्या गोळ्या वाटणारा आला.

मी चौथी शिकलेला. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. पण हे दुसऱ्या कुणाला सांगून लिहून घेण्यासारखं नाही.

आमची शेती खाडीला लागून आहे. मधे मातीचा बांध. बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की समुद्राचं पाणी आत येतं आणि जमीन खारट होते. मग दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढू नये. सर त्याच्यासाठीच फिरत होते. खारट जमिनीत उभा राहील आणि पीकही भरपूर देईल, असा भात त्यांना तयार करायचा होता.

ओट्यावर बसले आणि मला विचारायला लागले. जमीन किती, बांध कधी फुटला, पाणी किती दिवस राहिलं. मी छाती काढून सांगत होतो. मग म्हणाले, "आणि बियाणं कुणाचं?"

"माजंच. जमीन माजी तर बियाणं कुनाचं आसनार?"

"घरात ठेवतं कोण?"

"बायको."

"मग वहिनींना बोलवा. दादा, तुम्ही चहा घ्या."

खरं सांगतो, मला ते आवडलं नाही. माझ्याच ओट्यावर मला बाजूला सारलं. पण नंतर कळलं, सर प्रत्येक घरात असंच करायचे. जमिनीचं पुरुषाला विचारायचं, बियाण्याचं बाईला.

आमची ही पदर खोचून आली. तिच्याकडे राता होता. राता म्हणजे लाल भात, आमच्या खार जमिनीतला जुना. उंच वाढतो, पीक थोडं, तांदूळ जाडा. मी तर कधीच सोडून दिला होता. दुकानातलं पांढरं बियाणं आणायचो. पण ही माहेराहून लग्नात राता घेऊन आली होती. खाडीपलीकडून होडीत बसून आली, तेव्हा मांडीवर भाताची मुडी. मुडी म्हणजे पेंढ्यात गच्च बांधलेलं बियाण्याचं बोचकं. लोक म्हणाले, नवरी पोर घेऊनच आली काय. तेव्हापासून दरसाल बांधाच्या कडेच्या एका कोपऱ्यात ती तो राता लावायची. एकटी लावायची, एकटी कापायची, नवी मुडी बांधून चुलीच्या वर आढ्याला टांगायची. धुराने कीड लागत नाही. मी म्हणायचो, "बापाची आठवण लावलीस का?" ती म्हणायची, "लावली. तुमचं काय जातंय?"

बांध फुटला त्या वर्षी माझा सगळा पांढरा भात आडवा झाला. हिचा कोपरा उभा होता. मी तेव्हा काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

सरांनी हिच्या रात्याचा दाणा दातात तोडला. डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग हात पसरून म्हणाले, "वहिनी, ओंजळभर द्या." हिने दिला. सर गेल्यावर मी तिला बोललो, "कुनीबी येतंय नि मागतंय, नि तू देतेस." ती म्हणाली, "अवो, आजवर कुनी मागितलाय का?"

त्यानंतर सर दरसाल यायचे. आपल्या तिकडच्या शेतात त्यांनी राता लावला होता, पण म्हणायचे, "इथल्यासारखा तिकडे हसत नाही." म्हणून काही काम इथेच करायचे. एकदा हिच्या कोपऱ्यात बसून त्यांनी भाताचं लग्न लावलं. बारकी कात्री, बारका चिमटा. लोंबीतलं एकेक फूल उघडून त्यातला नर काढून टाकायचा. मग दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास दुसऱ्या जातीची लोंबी त्यावर झटकायची आणि वरून कागदाची पिशवी घालायची. ही छत्री धरून उभी.

"मंडप पन घातलात की," ती म्हणाली.

"घालावाच लागतो. नाहीतर भलताच कुणी येऊन माळ घालून जातो."

"आनि नवरी कोन?"

"तुमचा राता. नवरा पांढरा, भरपूर कमावणारा. पण खाऱ्या पाण्यात टिकायचं पोरं आईकडून शिकतील."

ही एवढी हसली की छत्री कलली. मी बांधावर बसून बिडी ओढत होतो. मला वाटलं, आपल्याशी बोलताना ही अशी हसत नाही. आता वाटतं, आपण असं काही बोललोच नाही तर ती हसेल कशाला.

असल्या लग्नाच्या सात-आठ पिढ्या गेल्या की एक जात बनते, असं सर सांगायचे. दरसाल नवा आकडा सांगायचे. चौथी पिढी, पाचवी पिढी. ही विचारायची, "नातवंडं बरी हायत ना?" ते म्हणायचे, "दोन नापास झाली, एक पहिल्या नंबरात आहे."

एका दिवाळीनंतर सर एक फॉर्म घेऊन आले. नव्या भाताचं काम चाललंच होतं, हे वेगळं होतं. म्हणाले, "वहिनी, शेतकऱ्याने सांभाळलेलं जुनं बियाणं सरकार त्याच्या नावावर नोंदवतं. हा राता तुमच्या नावावर लावू."

ही घाबरली. "माजं नाव कशाला? यांचं लिवा."

मीही म्हणालो, "सात-बारा माज्या नावावर हाय सर."

सर माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "दादा, जमिनीचा सात-बारा तुमचा. बियाण्याला सात-बारा नसतो, म्हणून तर हा फॉर्म."

नोंदणीसाठी हिच्या हातचं, हिच्याच शेतातलं बियाणं जास्त लागणार होतं. सरांकडचा राता एवढ्या वर्षांत दुसऱ्या जातींच्या शेजारी वाढला होता, तो चालणार नव्हता. त्या वर्षीची मुडी त्यांनी आढ्याला टांगलेली पाहिली. "यातला दाणा कुणाला देऊ नका. पेरणीच्या आधी येतो, तेव्हा मुडी आणि सही दोन्ही नेतो."

अंगठा नको, सही करते, असं ही म्हणाली. तिला सही येत नव्हती. मग ती चुलीच्या बाजूच्या भिंतीवर कोळशाने नाव गिरवायला लागली. भाकरी भाजता भाजता एक अक्षर, उतरता उतरता एक. मी म्हणालो, "म्हातारपनी बालवाडी." तिने लुगड्याच्या लाल काठाची एक चिंधी फाडली आणि मुडीला बांधली. कुणी चुकून हात लावू नये म्हणून.

चैत्रात ती गेली. ताप आला, पोटात दुखायला लागलं, अलिबागला नेलं, चौथ्या दिवशी परत आणलं ती तशीच. जास्त लिहीत नाही.

आता जे लिहायचं ते लिहितो.

तेराव्याच्या तीन दिवस आधी माझी थोरली बहीण, आक्का, घरात सामान बघत होती. तांदळाच्या पोत्यात हात घातला आणि म्हणाली, "रेशनचा? बायकोच्या तेराव्याला रेशनचा तांदूळ शिजवनार? तिच्या माहेरची मानसं येनार हायत. थुकतील तोंडावर."

मी वर पाहिलं. मुडी टांगलेली होती. आक्कानेही पाहिलं. "ती बियान्याची दिसते. चिंधी बांधलीय," ती म्हणाली.

मी म्हणालो, "पेरनारी गेली. आता बियानं काय चाटायचंय?"

मला माहीत नव्हतं असं नाही. सरांचं बोलणं आठवत होतं, फॉर्म आठवत होता, भिंतीवरचा कोळसा डोळ्यांसमोर होता. तरी मी स्टुलावर चढलो आणि कोयत्याने दोरी तोडली. राग आला होता. कुणाचा ते सांगता येत नाही. तिचाच असेल, मला टाकून गेली म्हणून. आणि मनात असंही होतं की तिच्याच हातचा लाल तांदूळ पानात पडला की तिचे भाऊ म्हणतील, भावजींनी मान राखला. आमच्याकडे उपाशी मरू पण बियाणं शिजवत नाही. आईने हेच शिकवलेलं, बापानेही हेच. मी शिजवलं. भात गिरणीत नेला, लाल तांदूळ घेऊन आलो. पेंढा मागे उकिरड्यावर फेकला.

तेराव्याला सर आले. कुणी कळवलं कोण जाणे. तिकडून पहिली एस.टी. धरून, बोटीने, पायी. विजारीचा एक पाय वर, एक खाली. मला बघून हात जोडले. पंगतीत बसले, हिच्या भावांच्या शेजारी.

पानात वालाचं बिरडं, वडे, खीर आणि लाल भात. मी स्वतः वाढत होतो. सरांनी पहिला घास तोंडात घातला आणि चावायचे थांबले. डोळे मिटले. मला ते डोळे मिटणं माहीत होतं. माझ्या हातातला भात पळीतच राहिला. मग सरांनी डोळे उघडले, मान वर करून स्वयंपाकघराच्या दारातून आढ्याकडे बघितलं. तिथे दोरीचं तुटलेलं टोक लोंबत होतं.

मला वाटलं आता उठतील, बोलतील. चारचौघांत बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. सगळं खाल्लं, पानावर एक शीत ठेवलं नाही. हिचा एक भाऊ म्हणाला, "ताईचा राता वाढलात भावजी. बरं केलंत." सर खाली बघून म्हणाले, "चव आहे."

पंगत उठली. दुपारी आक्का मला म्हणाली, "तुजे सर मागं उकिरड्यावर बसलेत. कोंबडीवानी पेंढा उसकटतायत. लोकं हसतायत." मला भडकायला झालं. वाटलं, हा माणूस आता मला गावात उघडं पाडणार.

निघताना सर दाराशी आले. हाताला पेंढ्याची कुसळं लागलेली. हळूच म्हणाले, "दादा, मुडी?"

"उंदरांनी खाल्ली," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. त्यांच्या पोटात तो भात होता आणि मी त्यांच्या तोंडावर सांगत होतो, उंदरांनी खाल्ली.

सरांनी हात झटकले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असेल. उंदरांनाही चांगली जात कळते." आणि धक्क्याच्या वाटेला लागले.

पुढच्या भादव्यात त्यांचा निरोप आला, बोटीवरच्या माणसाबरोबर. दादांना म्हणावं, भात फुलोऱ्यात आहे, एकदा येऊन जा. मी गेलो नाही. कसला भात, ते विचारलंही नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ते स्वतः आले. लांबून बांधावर ती वाकडीतिकडी विजार दिसली आणि मी आत पळालो. आक्का ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. तिला म्हणालो, "सांग मानगावला गेलाय."

पाऊस पडत होता. मी दाराआड भिंतीला टेकून उभा. ज्या भिंतीवर हिचं नाव आहे त्याच भिंतीला.

"दादा आहेत का?"

"मानगावला गेलाय," आक्का म्हणाली. तिला खोटं बोलायची सवय, माझ्यापेक्षा चांगलं बोलते.

"बरं. कधी येतील?"

"आता काय सांगू. बाजाराचा दिवस."

फटीतून मला त्यांचे पाय दिसत होते. सर खाली वाकले. दारात माझ्या चपला होत्या, एकच जोड आहे माझा, पागोळीखाली भिजत होता. सरांनी दोन्ही चपला उचलल्या, पाणी झटकलं आणि आत उंबऱ्याशी कोरड्यात ठेवल्या. नीट, जोडीने. मग म्हणाले, "माणगावहून आले की सांगा, येऊन गेलो. घाई नाही म्हणावं."

ते हात मला शेवटचे दिसले.

दोन वर्षं गेली. यंदा एके दिवशी आगरदांड्याला चहाच्या टपरीवर शाळेचे मास्तर पेपर वाचत होते. मला म्हणाले, "हे तुमचे भातवाले सर ना? विद्यापीठाने नवा भात काढलाय. खाऱ्या जमिनीत तग धरतो, पीकही चांगलं. मोठी कामगिरी म्हणून छापलंय." आणि वाचायला लागले. त्यात लिहिलं होतं, या भाताची आई म्हणजे खाडीकाठचा स्थानिक राता. कुणाचा, ते नव्हतं. आणि हे काम ज्यांनी उभं केलं ते दिवंगत, आणि पुढे सरांचं नाव.

"परत वाचा," मी म्हणालो.

मास्तरांनी परत वाचलं. तो शब्द परतही तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी मी बोट धरली. दिघी, म्हसळा, माणगाव, आणि पुढे विचारत विचारत. आयुष्यात पहिल्यांदा विद्यापीठाच्या फाटकातून आत गेलो. मेलेल्या माणसाला काय सांगणार होतो ते मला माहीत नव्हतं. सरांच्या खोलीत आता एक मॅडम बसतात, केस पिकलेल्या, त्यांनी सरांबरोबर पुष्कळ वर्षं काम केलेलं. गाव सांगितलं तशा खुर्चीवरून उठल्या. "दादा म्हणजे तुम्हीच का? आलात?"

त्या मला मागच्या शेतात घेऊन गेल्या. तुकडे आखलेले, प्रत्येकावर पाटी. पाट्यांवर नुसते आकडे. एका तुकड्यात उंच लाल भात उभा होता, आणि त्या पाटीवर अक्षरं होती. मी एकेक लावून वाचलं. राता. द्वारकाबाई.

मी तिला आयुष्यात नावाने हाक मारली नाही. अगं म्हणायचो. ते नाव असं शेतात उभं असेल हे कधी वाटलं नव्हतं.

"हा भात आला कुठनं?" मी विचारलं. मला तर माहीत होतं, तिचा सगळा राता मी तेराव्याला पंगतीत वाढला होता.

मॅडमनी मला परत खोलीत नेलं आणि कपाटातून एक खाकी पाकीट काढलं. रिकामं. वर सरांचं अक्षर. त्यांनी वाचून दाखवलं. हिचं नाव, गावाचं नाव, तेराव्याचा दिवस, आणि खाली: "उंदरांनी शिल्लक ठेवलेले. सदतीस दाणे."

मी बाकावर बसलो. म्हणजे दाराशी मी उंदीर म्हणालो तेव्हा ते सदतीस दाणे त्यांच्या खिशात होते. उकिरड्यावरच्या पेंढ्यातून टिपलेले. माझं खोटं त्यांनी सरकारी पाकिटावर लिहून माझी अब्रू झाकली होती. आणि सदतीस दाण्यांचा तुकडा भरेपर्यंत दरसाल लावत राहिले होते.

"फॉर्म अजून पडून आहे," मॅडम म्हणाल्या. "वहिनींच्या मागे तुमची सही लागते. आम्ही टपालाने पाठवतो म्हणालो, तर सर म्हणायचे, नको. दादा स्वतः येतील. त्यांना मागायचं नाही."

त्यांनी फॉर्म पुढे ठेवला, पेन उघडलं. "एवढा एक रकाना राहिलाय. बियाणं कुणी आणि कसं जतन केलं. तुमच्या शब्दांत सांगा, मी लिहिते."

मी म्हणालो, "लिवा. बायकोनं जतन केलं, चाळीस वर्षं. मी शिजवून खाल्लं. गावालाबी वाढलं. सरांनी उकिरड्यावर बसून दाने टिपले. उंदीर नव्हते."

मॅडमचं पेन थांबलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, फॉर्मात असं लिहिता येत नाही."

त्यांनी एवढंच लिहिलं की द्वारकाबाईंनी माहेराहून आणलेलं बियाणं चाळीस वर्षं जतन केलं. मी खाली सही केली. उरलेलं फॉर्मात नाही, पाकिटावरही नाही. म्हणून इथे लिहिलं.

निघताना मॅडमनी त्या तुकड्यातला एक दाणा काढून माझ्या हातावर ठेवला. मी फुंकर मारली, सरांसारखा पुढच्या दातांत धरला आणि डोळे मिटले. तोडवेना. तसाच तोंडातून काढला, सदऱ्याला पुसला आणि वरच्या खिशात घातला. माणगाव येईपर्यंत खिशावर हात ठेवून बसलो होतो.